धोंडुबाईच्या ताटातले तीस

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या फौंड्रीत कोर करायच्या शेडमध्ये पाच बायका होत्या, आणि त्या पाचांत तानाबाईचा हात सगळ्यांत चलाख, हे मालकापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तानाबाईलाही ठाऊक होतं. उगीच खोटं कशाला बोला, तिला त्याचा चांगलाच तोरा होता.

कोर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ऑइल इंजिनचं हेड लोखंडाचं ओततात. त्या हेडच्या पोटात पाणी खेळायला पोकळी लागते. आता ओतलेल्या लोखंडात पोकळी कुठून आणणार? म्हणून साच्यात आधी वाळूचा एक गड्डा ठेवायचा, त्या पोकळीच्याच आकाराचा. लोखंड त्याच्याभोवती भरतं, थंड झालं की आतली वाळू फोडून काढायची. तो वाळूचा गड्डा म्हणजे कोर. बारीक वाळूत काकवी कालवायची, दोन फाळक्यांच्या लाकडी पेटीत ती बोटांनी कोपऱ्याकोपऱ्यात दाबायची, मधे तार घालायची, वाफ जायला सळईनं भोक पाडायचं, पेटीला दोन बाजूंनी टोले द्यायचे आणि फाळकी अलगद उघडून कोर पत्र्याच्या ताटात ठेवायचा. मग तो भट्टीत भाजायला जातो. भट्टी पेटली की शेडमध्ये गुऱ्हाळाचा वास सुटतो आणि माश्या तर अशा येतात, की बोलायला तोंड उघडायची सोय नाही.

ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल. बोट कमी दाबलं तर कोर कोपऱ्यात ठिसूळ राहतो, जास्त दाबलं तर पेटीला चिकटून बसतो, आणि तो तुकडा निघाला की सगळा कोर वाया. सगळी करामत बोटांची.

एका बाईनं दिवसाला ऐंशी कोर द्यायचे, असा कोटा होता. प्रत्येकीची ताटं वेगळी, ताटावर खडूनं जिची तिची खूण. तानाबाईचा गोल, धोंडुबाईची फुली. संध्याकाळी सुपरवायझर यायचा, खुणा बघून ताटं मोजायचा. पाच बायका, चारशे कोर. भट्टीतही चारशेच मावायचे. अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत हे असं बिनबोभाट चाललं होतं.

बिनबोभाट म्हणजे वरून. आतली गोष्ट वेगळी होती.

धोंडुबाई त्या शेडमधली सगळ्यांत जुनी. तानाबाई पहिल्या दिवशी फौंड्रीत आली तेव्हा तिच्या बोटांवर बोटं ठेवून वाळू दाबायला शिकवलं ते धोंडुबाईनंच. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, भाड्याची एक खोली आणि हे काम, एवढाच तिचा संसार. तीन वर्षांपूर्वी एकदा दुपारच्या सुट्टीत तिनं तानाबाईला वाळूच्या ढिगामागं बोलावलं आणि पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट तळव्याकडं वळून बसलं होतं.

"बघ," धोंडुबाई म्हणाली. "उघडत न्हाईत. सकाळी तर अजाबात न्हाईत. तुला दावलं, दुसऱ्या कुणाला न्हाई."

"आता गं बया! किती दीस झालं?"

"लई दीस झालं. पन्नासाच्या वर कोर होत न्हाईत माझ्यानं. काल ऐंशी भरलं न्हाईत म्हणून सुपरवायझर वरडला. आता काय करू सांग."

तानाबाईनं काय करावं? तिनं त्याच दिवशी बाकीच्या तिघींना बसवलं आणि हिशेब करून टाकला. धोंडुबाईला तीस कमी पडतात ना? मग माझे बारा, तुमचे तिघींचे सहा सहा. झाले तीस. सुपरवायझर जेवायला गेला की ताटांतले कोर इकडून तिकडं सरकायचे. बोटांचं तिनं कुणाला सांगितलं नाही, म्हातारीला आता झेपत नाही एवढंच म्हणाली. बायकांनी मान डोलावली. आक्का तेवढी जरा कुरकुर्‍या स्वभावाची. "माझी काय ही सासू लागतीया?" असं रोज एकदा म्हणायची आणि रोज सहा कोर द्यायची. धोंडुबाई पाचजणींना पुरेल इतका मिरचीचा खर्डा डब्यात घेऊन यायची. त्या खर्ड्याला जी चव होती ती पुन्हा मिळायची नाही.

तर असं तीन वर्षं चाललं. मग हंबीर आला.

हंबीर तानाबाईच्या गल्लीतला. तो लहान असताना त्याची आई बाळाबाई दोन वर्षं मिरजेला दवाखान्यात होती आणि बाप ट्रकवर. त्या दोन वर्षांत पोर तानाबाईच्याच चुलीपुढं जेवलं. पहिली भाकरी त्याला, मग घरच्यांना. तिच्या नवऱ्यानं, ज्ञानूनं, एकदा चेष्टेत म्हटलं होतं, "आमालाबी वाढा की, आमी काय पावणं हाय?" पुढं पोरगं शिकलं, डिप्लोमा झालं, पुण्याला जाऊन सहा महिन्यांचा कसलासा कोर्स करून आलं आणि बाळासो मालकांनी त्याला फौंड्रीत घेतलं. काम काय? कामाचा अभ्यास. कोण किती वेळात काय करतं ते घड्याळ लावून बघायचं आणि कोटा ठरवायचा.

पहिल्या दिवशी हंबीरराव साहेब शेडमध्ये आले, हातात फळी, फळीला क्लिपनं अडकवलेलं गोल घड्याळ, पायात बूट. आले आणि थेट तानाबाईच्या पाया पडले. सगळ्यांसमोर! काकवीनं चिकट झालेले हात कुठं पुसावे ते तिला कळेना.

"असू दे, असू दे," ती म्हणाली. पण आभाळ ठेंगणं झालं होतं हो तिला.

तो गेल्यावर आक्कानं नाक मुरडलं. "तानाबाई, पाया पडतोय म्हणून भुलू नगंस. माझा दादला गिरणीत हुता. घड्याळवाला आला की हात आखडायचा, आसं तिथं समदे करायचे. न्हाईतर कोटा वाढलाच म्हणून समज."

"गप गं! तुझ्या गिरणीतला घड्याळवाला कोण कुठला, आन ह्यो माझ्या ताटातला."

"बघ बाई," आक्का म्हणाली. "म्या सांगायचं काम केलं."

पण मनात कुठंतरी कुसळ गेलंच. दोन दिवसांनी तिनं हंबीरला जेवायला बोलावलं. चुलीपुढं तोच पाट, तीच जागा. भाकरी तव्यावर टाकता टाकता तिनं सरळच विचारलं.

"हंबीरा, घड्याळ लावून तू आमचा कोटा वाढवणार हाईस का?"

हंबीर हसला. "मावशी, तुला कुणी घाबरवलं? घड्याळात जी वेळ येते ती तशीच धरत नसतात. आधी बघायचं, काम करणारी बाई कशी आहे. साधारण चालीची असेल तर शंभर धरायचं. तुझ्यासारखी चलाख असेल तर सव्वाशे. मग तुझी वेळ सव्वापट करायची, म्हणजे साध्या बाईला किती वेळ लागेल ते निघतं. याला रेटिंग म्हणतात. त्यावर पाणी प्यायचा, पाठ सरळ करायचा, दमायचा वेळ मिळवायचा. एवढं सगळं झालं की मग कोटा."

तानाबाईनं भाकरी उलटली आणि विचार केला. शाळेची पायरी तिनं चढली नव्हती, पण डोकं कुणाकडं गहाण टाकलेलं नव्हतं.

"म्हंजे," ती म्हणाली, "साधी बाई चार भाकरी करती त्येवढ्यात माझ्या पाच हुत्यात. तर तू माझ्याकडं बघून बी चारच धरणार."

"अगदी बरोबर! पुण्याच्या आमच्या वर्गात निम्म्या लोकांना हे कळत नव्हतं मावशी."

"मग हात आखडायचा न्हाई?"

"मुळीच नाही. तू नेहमीसारखी कर. तू हात आखडलास तर माझंच गणित चुकेल."

हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. आणि माणसाचा जीव भांड्यात पडला की तोंड सुटतं, तिथंच घात होतो. तिला धोंडुबाईची आठवण झाली. उद्या हा घड्याळ घेऊन धोंडुबाईपुढं उभा राहिला तर? म्हातारीची बोटं बघितली तर? त्यापेक्षा आधीच सांगून ठेवावं, पोर आपलंच आहे, सांभाळून घेईल. तिनं सगळं सांगितलं. पन्नास कोर, तीस कमी, माझे बारा, त्यांचे सहा सहा, आणि वाकडी बोटंसुद्धा.

"तिच्यापुढं घड्याळ लावू नगंस," ती म्हणाली. "आन ह्ये कुठं बोलू नगंस. तिला दुसरा आधार न्हाई."

हंबीर जेवायचा थांबला. मग म्हणाला, "माझ्या पोटात राहील."

"भाकरीवर हात ठेवून सांग."

"काय मावशी! मी काय लहान आहे?"

"ठेव म्हणते न्हवं!"

त्यानं ताटातल्या भाकरीवर हात ठेवला. "कागदावर येणार नाही," तो म्हणाला. तानाबाईनं त्याला वरून तुपाचा चमचा वाढला.

घड्याळ लावायचा दिवस आला. आता ऐका, चूक कुठं झाली ती. हंबीरनं सांगितलं होतं, नेहमीसारखं कर. पण घरचं पोर साहेब होऊन समोर उभं राहिल्यावर नेहमीसारखं कोण करतं? कोल्हापूरच्या बाईच्या दारात पाहुणा आला की ती रोजचं जेवण वाढते का? तानाबाई धुवट लुगडं नेसून आली. पेटी राखेनं घासून ठेवली. आणि बाकीच्या बायकांचं बघा, त्यांनाही चेव आला. एरवी प्रत्येकीनं आपली वाळू आपण कालवून आणायची, पाटी आपण उचलायची. त्या दिवशी तानाबाईला कुणी जागचं हलू दिलं नाही. एकीनं वाळू कालवून आणली, एकीनं तारा तोडून हाताशी मांडल्या. पहिल्या दिवशी नाक मुरडणारी आक्काच भरलेली ताटं उचलून नेत होती. धोंडुबाई पदरानं तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. कुणीतरी पाणी आणलं तर तानाबाईनं मानेनंच नको म्हटलं.

आणि हात सुटला! वाळू, बोटं, तार, सळई, टोला, टोला, ताट. घड्याळ टिकटिकत होतं आणि हंबीर आकडे लिहीत होता. तीस कोर त्यानं मोजले.

"एवढा जीव तोडून का करतीस गं?" धोंडुबाई हळूच म्हणाली.

"सव्वाशे यायला पायजे की!" तानाबाई म्हणाली. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं.

हंबीरनं शेवटी घड्याळ बंद केलं. "मानलं बघ मावशी. तीन मिनिटं पन्नास सेकंद, एका कोरला." बायकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, चक्क टाळ्या! आपल्याच पायावर धोंडा पडताना टाळ्या वाजवणाऱ्या बायका तुम्ही दुसरीकडं कुठं बघितल्यात का?

पंधरा दिवसांनी बोर्डावर कागद लागला. वाचता कुणालाच येत नव्हतं, म्हणून सुपरवायझरनं वाचून दाखवला. एक तारखेपासून प्रत्येकी शंभर कोर. कोर शेडमध्ये चार बायका. धोंडुबाईला शनिवारपर्यंत.

"शनिवारपर्यंत काय?" धोंडुबाईनं विचारलं.

सुपरवायझर तसा वाईट माणूस नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "शनिवारपर्यंत काम. मग नाही. मला काय विचारू नका बायांनो. तुम्ही रोज तीस कोर तिच्या ताटात टाकता ते वर कळलंय. रिपोर्टात लिहून आलंय. मी तीन वर्षं मोजतोय, मला पत्ता नाही, आणि वरच्यांना माहीत! मालक मलाच बोलले."

एका क्षणात तानाबाईला सगळं कळलं. पण पाचजणींत ते तिला एकटीलाच कळलं होतं. बाकीच्या एकमेकींकडं बघायला लागल्या आणि धोंडुबाईनं आक्काकडं बघितलं.

"तू," धोंडुबाई म्हणाली. "रोज कुरकुरत हुतीस. सहा कोर जड झालं व्हय गं तुला? तोंडावर सांगायचं हुतंस, म्या घेतलं नसतं. वर जाऊन चुगली कराय पायजे हुती?"

"आगं मी न्हवं! देवाशपथ मी न्हवं!"

"तुझ्या हाताला किडं पडतील आक्का!"

आक्का रडायला लागली. असली खमकी बाई, पण ढसाढसा रडायला लागली. आणि तानाबाई? तानाबाई मूग गिळून उभी होती. एक शब्द बोलली असती तर आक्का सुटली असती. ती वळली आणि हात न धुता तशीच ऑफिसकडं चालू लागली.

हंबीरला नवीन टेबल मिळालं होतं. तिला बघून तो उठून उभा राहिला. बस म्हणाला. ती बसली नाही.

"हंबीरा, रेटिंग किती धरलंस?"

त्याला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, आईचं नाव काढेल. हे विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं कागद इकडचे तिकडं केले.

"किती धरलंस सांग की!"

"शंभर."

"शंभर म्हंजे साधी बाई."

त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"सव्वाशे धरलं असतंस तर कोटा किती आला असता?"

"मावशी, आता त्याचा काय उपयोग..."

"किती?"

"त्र्याऐंशी," हंबीर म्हणाला.

त्र्याऐंशी! जुन्या कोट्यापेक्षा अवघे तीन जास्त. तीन कोर तर ती बोलता बोलता करून टाकते. तानाबाईनं टेबलाला हात टेकला. काकवीचा डाग कागदावर उमटला.

"मालक म्हणाले, रेटिंग हे तुझ्या मनातलं झालं, घड्याळ काय सांगतं ते दाखव," हंबीर बोलायला लागला. "घड्याळानं एकशेचार येत होते, भट्टीचं बघून शंभर लावले. मी सांगून बघितलं मावशी. खरंच सांगून बघितलं. पण मला लागून तीनच आठवडे झालेत. ते म्हणाले, चौघींत चारशे निघतील का नाही तेवढं सांग. मी म्हटलं, बायका आधीच जास्तीचं करतात, आणखी झेपणार नाही. ते म्हणाले, पुरावा काय? मग मला सांगावं लागलं की चौघी मिळून आत्ताच साडेतीनशे करतात. पण मी नाव नाही घातलं धोंडुबाईचं. शप्पथ. बोटांचं तर एक अक्षर नाही लिहिलं."

"पाचजणीत कमी करणारी म्हातारी एकच. नाव कशाला लागतंय?"

"मी काय करायला पाहिजे होतं?"

"भाकरीवर हात ठेवलातास रं," तानाबाई म्हणाली. "दोन वर्षं माझ्या पोरांच्या आधी तुला वाढलं. केसानं गळा कापलास. दुसऱ्या कुणी कापला असता तर निदान त्येला शिव्या तरी घातल्या असत्या."

हंबीरचे कान लाल झाले. त्याला लाज वाटली असणार, आणि लाज वाटली की माणूस दुसऱ्याच्या अंगावर येतो, तसा तो आला.

"तू पण मावशी त्या दिवशी उगीच एवढी पळालीस! मी नेहमीसारखं कर म्हटलं होतं. तीन पन्नासचा आकडा मी नाही काढला, तू काढलास."

ती तशीच परत आली. येताना तिला सारखं वाटत होतं की पोरगं खोटं बोलत नाही. पळाली तीच. सांगितलं तिनंच. आणि या दोन्ही गोष्टी तिनं कुणासाठी केल्या होत्या, तर त्याला कमीपणा येऊ नये म्हणून, आणि धोंडुबाईला धक्का लागू नये म्हणून. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

शनिवारपर्यंत तीन दिवस होते. धोंडुबाई रोज आली, रोज पन्नास कोर केले. आता कुणी तिच्या ताटात काही टाकलं नाही, टाकून उपयोगही नव्हता. तिनं डब्यात खर्डा आणला, पण चौघींपुरता. आक्का भिंतीकडं तोंड करून एकटी जेवायची.

शनिवारी सुटी झाली. धोंडुबाई गेटपाशी आली, एका हातात डबा, एका हातात फडक्यात गुंडाळलेली तिची सळई. वीस वर्षांत त्या सळईची मूठ तिच्या हाताच्या आकाराची झाली होती. मागून आक्का खाली मान घालून चालली होती. तानाबाईनं धोंडुबाईला अडवलं, आणि आक्कालाही हात धरून थांबवलं.

"धोंडुबाई, आक्का न्हवं," ती म्हणाली. "म्या सांगितलं."

"काय?"

"तुझ्या तीस कोरांचं. हंबीरला. घरी जेवताना. बोटांचं बी सांगितलं."

आक्कानं झटक्यात हात सोडवून घेतला. धोंडुबाई मात्र नुसती बघत राहिली. तानाबाईला वाटलं, आता हिनं फाडकन तोंडात मारावी. बरं वाटलं असतं.

"त्येला का गं सांगितलंस?" धोंडुबाईनं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"माझा म्हणून."

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "म्या बी बोटं तुलाच दावली हुती. माझी म्हणून."

मग ती आक्काकडं वळली. "आक्का, लई वाईट बोलले तुला. पोटात घाल." एवढं म्हणून ती रस्त्याला लागली. तानाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. कोपऱ्यावर धोंडुबाईनं डबा खाली ठेवून सळई दुसऱ्या हातात घेतली, डबा उचलला आणि वळून गेली.

एक तारखेपासून शंभराचा कोटा लागू झाला. चौघी शंभर करत होत्या. कशा करत होत्या ते त्यांनाच माहीत. वाळू आपली आपण आणायची, पाणी उभ्यानं प्यायचं, बोलायचं नाही. धोंडुबाईच्या जागेवर काकवीचे डबे रचले होते. आक्का तानाबाईशी बोलत नव्हती. जे बारा कोर ती धोंडुबाईला द्यायची ते आता तिच्याच शंभरात होते, आणि वर आणखी आठ. सुपरवायझर जेवायला गेला की अजूनही तिची नजर फुलीच्या खुणेचं ताट शोधायची.

दुसऱ्या आठवड्यात हंबीर फळी घेऊन आला. नवा कोटा बसतोय का ते बघायचं होतं. दुपार झाली होती, तानाबाईच्या ताटात त्रेसष्ट कोर होते. तो जरा लांबच उभा राहिला. या वेळी पाया पडला नाही.

"या," तानाबाई म्हणाली. "लावा घड्याळ, साहेब."

"मावशी, साहेब काय..."

"लावा की. एकच बघा."

तिनं पेटी पुढ्यात ओढली. मग उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट तळव्यात दुमडलं आणि उरलेल्या बोटांनी वाळू उचलली. अर्धी सांडली. पुन्हा उचलली. कोपऱ्यात दाबायला गेली तर बोट पोचेना, अंगठ्यानं दाबावं लागलं, मनगट वाकडं करावं लागलं. तार एकदा निसटली. सळई मुठीत धरायला जमेना. बाकीच्या बायकांचे हात थांबले. आक्का उठून उभी राहिली, तिला आता कळलं की तीन वर्षं आपण सहा कोर कशाला देत होतो. टोला द्यायला लाकडी हातोडा उचलला तेव्हा तानाबाईच्या मनगटात कळ आली, पण तिनं बोटं उघडली नाहीत. हे म्हातारीनं दिवसाला पन्नास वेळा केलं होतं. वर खर्डाही कुटला होता.

कोर निघाला. चांगला निघाला, एक कोपरासुद्धा ढासळला नाही. तिनं तो ताटात ठेवला आणि कपाळावरचा घाम दंडाला पुसला.

"ह्यो धोंडुबाईचा," ती म्हणाली. "किती झालं ते लिवा."

हंबीरनं काही लिहिलं नाही. तिनं उठून त्याच्या फळीवर वाकून बघितलं. आकडे तिला वाचता येत नव्हते, पण काटा कळत होता. काटा वर, जिथून निघतो तिथंच होता. त्यानं घड्याळ चालूच केलं नव्हतं.

तानाबाई परत आपल्या जागी बसली. बोटं सरळ केली, दोनदा झटकली आणि पेटी पुढ्यात ओढली. शंभराला अजून छत्तीस कमी होते.